घरातला एलिप्टिकल: जागा, जोडणी, वापर आणि देखभाल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात व्यायामाची मशीन जोडून देतो आणि दुरुस्त करतो. "आता फक्त कपडे वाळत घालायला उपयोग होतोय त्याचा" हे मी घरोघरी ऐकतो, आणि सांगणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या आळसाला दोष देत असतो. मशीन तपासलं की वेगळंच निघतं. एक पाय जमिनीला टेकलेला नसतो, क्रँकचा (पायांबरोबर गोल फिरणाऱ्या दांड्याचा) बोल्ट सैल असतो, रेझिस्टन्सची (पायांना होणारा विरोध कमी-जास्त करणारी) वायर नीट अडकवलेली नसते, नाहीतर मशीन अंधाऱ्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं असतं. किरकिरणाऱ्या, डुलणाऱ्या मशीनवर रोज चढायची इच्छा कोणालाच होणार नाही. स्वतःला बोल लावण्याआधी मशीन एकदा नीट लावून बघा, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे. लोक फोनवर आणि मेसेजवर पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

## घेण्याआधी

१. एलिप्टिकल, क्रॉस ट्रेनर आणि ऑर्बिट्रॅक म्हणजे एकच ना?

पहिले दोन आपल्याकडच्या दुकानांत एकाच अर्थाने वापरतात. पाय ठेवायची पाटी लांबट गोल, म्हणजे अंड्याच्या आकाराच्या वाटेने फिरते आणि हातांसाठी मागेपुढे हलणारे दांडे असतात, ते हे मशीन. 'प्रीकॉर' या अमेरिकन कंपनीने १९९५ मध्ये ते व्यायामशाळांसाठी बाजारात आणलं आणि तिथून ते घरांत आलं.

ऑर्बिट्रॅक म्हणून जे विकलं जातं ते आकाराने छोटं असतं, बऱ्याचदा त्याला सायकलची सीटही असते. त्याची वाट लांबट कमी आणि गोल जास्त. त्यामुळे चालल्यासारखं न वाटता उभ्याने सायकल मारल्यासारखं वाटतं. कमी उंचीच्या माणसाला, थोडा वेळ वापरायला ते चालतं. उंच माणसाने घेण्याआधी प्रश्न ४ वाचावा.

२. रस्त्यावर फुकट चालता येतं, मग हे कशाला?

चालता येत असेल तर जरूर चाला, मी कोणालाही चालणं सोडून मशीन घ्यायला सांगत नाही. पण जून ते सप्टेंबर पाऊस, बाकीचे महिने फुटपाथवर लावलेल्या गाड्या, पहाटे भटकी कुत्री, यामुळे ज्यांचं चालणं आठवड्यातून दोन दिवसांवर येतं त्यांना घरातलं मशीन खरोखर उपयोगी पडतं. पाऊल पाटीवरून उचललं जात नाही, त्यामुळे धावताना प्रत्येक पावलाला बसणारा दणका इथे बसत नाही. शिवाय हातही चालतात.

उणी बाजूही सांगतो. दणका नसल्यामुळे हाडं बळकट करण्याच्या बाबतीत हे मशीन उड्या मारणं, जिने चढणं किंवा वजनं उचलणं यांच्या मागे पडतं. तोल सांभाळण्याचा सरावही फारसा होत नाही. पन्नाशीपुढच्या बायकांनी यावर सगळी भिस्त ठेवू नये, आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम वेगळे करावेत.

३. चाक पुढे असलेलं घ्यावं की मागे असलेलं?

पुढे जड चाक (फ्लायव्हील) असलेल्या मशीनमध्ये पाटीचा दांडा मागे दोन रुळांवर छोट्या चाकांनी सरकतो. जागा कमी लागते, किंमतही बहुधा कमी असते, पण रुळांवर धूळ बसली की घरघर सुरू होते, म्हणून पुसपास जास्त. मागे चाक असलेल्याची चाल सपाट आणि लांब पडते, चालण्याच्या जास्त जवळ जाते, पण मशीनही लांब असतं. दोन्हींत चांगली आणि वाईट मशीन आहेत. दुकानात बूट घालून दहा मिनिटं चालवून बघा. दोन मिनिटांत सगळीच बरी वाटतात, गुडघ्याला किंवा कमरेला काय खटकतंय ते सातव्या-आठव्या मिनिटाला कळतं.

४. स्ट्राइड म्हणजे काय आणि मला किती इंचांची हवी?

पाटी पुढच्या टोकाला असताना आणि तीच पाटी मागच्या टोकाला असताना यांतलं अंतर म्हणजे स्ट्राइड. माहितीपत्रकावर विसंबू नका, टेप घेऊन जा. पाटी हाताने पुढच्या टोकाला आणा, तिच्या टोकाखाली जमिनीवर खडूने रेघ मारा, मग पाटी मागे न्या आणि त्याच टोकाखाली दुसरी रेघ मारा. दोन रेघांमधलं अंतर मोजा.

पाच फूट तीन इंचांपर्यंत उंची असेल तर १४ ते १६ इंच पुरतात. साडेपाच फुटांच्या पुढे १८ ते २० इंच पाहा. घरात दोघांच्या उंचीत फरक असेल तर उंच माणसाच्या मापाचं घ्या. बुटक्या माणसाला थोडी लांब स्ट्राइड जमवून घेता येते, पण उंच माणसाला आखूड स्ट्राइडवर सतत गुडघे दुमडून टुकूटुकू चालावं लागतं आणि महिन्याभरात मशीन वापरणंच बंद होतं. घरी आणल्यावर ही गोष्ट बहुधा बदलता येत नाही, म्हणून इथे घाई करू नका.

५. फ्लायव्हील जितकं जड तितकं मशीन चांगलं, हे खरं का?

अर्धं खरं. जड चाक एकदा फिरायला लागलं की झटके कमी बसतात. पण हलकं चाक जास्त वेगाने फिरवूनही तोच परिणाम साधता येतो, त्यामुळे दोन वेगळ्या मशीनच्या किलोंची तुलना करून काही कळत नाही. सगळ्यात हळू चालवून बघा. वरच्या आणि खालच्या बिंदूवर पाय अडकल्यासारखा वाटला तर चाल गुळगुळीत नाही.

चाकाच्या वजनापेक्षा माणसाच्या वजनाची मर्यादा महत्त्वाची. ती मशीनच्या चिठ्ठीवर लिहिलेली असते, घरगुती मशीनला बहुधा १०० ते १२० किलो. तुमचं वजन मर्यादेपेक्षा निदान १५-२० किलोंनी कमी असावं, नाहीतर सांधे लवकर ढिले होतात.

## जागा

६. खोलीत किती जागा लागते? छताची उंची पुरेल का?

मशीन साधारण चार ते सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद असतं. चढायच्या बाजूला दीड-दोन फूट, दुसऱ्या बाजूला आणि पुढेमागे फूटभर जागा मोकळी ठेवा. दांडे मशीनच्या पुढे येतात, ते कपाटाच्या दाराला लागत नाहीत ना ते बघा.

उंचीचा विचार लोक करतच नाहीत, आणि गडबड तिथेच होते. पाटी सगळ्यात वर असताना जमिनीपासून किती उंच जाते ते मोजा. समजा १५ इंच. तुम्ही पाच फूट आठ इंच असाल तर डोकं सहा फूट अकरा इंचांवर जातं. वर सहा इंच मोकळे धरले तर जवळपास साडेसात फूट उंची हवी. माळ्याखाली बऱ्याच घरांत सातच फूट असतात, तिथे मशीन लावू नका.

आणि पंख्याखाली तर कधीच नको. साडेनऊ फुटांच्या छताला लावलेल्या पंख्याची पाती खाली आठ फुटांच्या आसपास येतात. नुसतं चालवताना डोकं लागणार नाही, पण घाम पुसायला किंवा केस बांधायला हात वर केला की बोटं थेट पात्यांत जातात. पंख्याचा वारा लागेल इतपत बाजूला मशीन ठेवा.

शक्य असेल तर तोंड खिडकीकडे किंवा घरातल्या माणसांकडे असू द्या. तेच मशीन नुसतं फिरवून ठेवल्यावर वापर वाढलेला मी कितीतरी घरांत पाहिला आहे.

७. चौथ्या मजल्यावर राहतो. स्लॅबला धोका नाही ना? बाल्कनीत ठेवलं तर?

राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी भारतीय मानक आयएस ८७५ प्रमाणे चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरातला भार धरलेला असतो. ५० किलोंचं मशीन आणि ८० किलोंचा माणूस मिळून १३० किलो, तेही जवळपास एक चौरस मीटरवर. चांगल्या स्थितीतल्या आरसीसी इमारतीच्या खोलीत चिंता नाही.

बाल्कनीचं मात्र जपून. जुन्या इमारतीत बाहेर काढलेली गॅलरी असेल, खालून प्लॅस्टर सुटून गंजलेल्या सळया दिसत असतील, किंवा ग्रिल लावून वाढवलेला भाग असेल तर तिथे मशीन ठेवू नका. लाकडी तक्तपोशीच्या वाड्यात ठेवायचं असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा.

खालच्या मजल्यावर आवाज जातो तो बहुधा मशीन डुलत असल्यामुळे. त्याचा उपाय प्रश्न १२ मध्ये.

८. खाली मॅट हवीच का? गादी किंवा सतरंजी चालेल?

हवीच. सहा ते आठ मिलिमीटर जाडीची रबरी मॅट घ्या. गादी, जाड गालिचा किंवा मुलांची फोमची कोडी चालत नाहीत, त्यावर मशीन हेलकावे खातं आणि बोल्ट सैल होत जातात. सतरंजी घसरते. मॅटमुळे टाइल्सवर ओरखडे येत नाहीत, आणि घामाचे थेंब फरशीच्या सांध्यांत मुरत नाहीत.

## जोडणी

९. खोकं आलंय. आधी काय करू?

खोकं चाळीस-पन्नास किलोंचं असतं. दोघांनी मिळून थेट ज्या खोलीत मशीन राहणार आहे तिथे न्या आणि तिथेच उघडा. जोडलेलं मशीन नंतर दारातून निघत नाही, हे लोकांना हॉलमध्ये जोडून झाल्यावर कळतं.

पुठ्ठा फाडू नका, कापून सपाट पसरा आणि त्यावर काम करा. बोल्ट, नट, वायसर पत्रकातल्या चित्राप्रमाणे वेगवेगळ्या वाट्यांत काढा आणि मोजा. एखादा कमी असेल तर काम सुरू करण्याआधीच कंपनीला कळवा. सोबत येणारा पाना पत्र्याचा असतो, त्याने बोल्टची डोकी गोल होतात. १३ आणि १४ नंबरचा पाना आणि ५-६ मिलिमीटरची एलन की घरात असेल किंवा शेजाऱ्यांकडून मिळाली तर काम सोपं होतं. पहिल्यांदा जोडत असाल तर दोन-तीन तास धरून चाला.

१०. प्रत्येक बोल्ट लगेच आवळत जाऊ का?

नको. त्या भागातले सगळे बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे बसवा, मग थोडे थोडे आळीपाळीने आवळा. पहिलाच बोल्ट पूर्ण आवळला तर शेवटच्या बोल्टचं भोक जुळत नाही, आणि मग लोक हातोडी काढतात. सगळं उभं राहून मशीन जमिनीवर टेकल्यावर शेवटचं आवळणं करा.

वाकडा वायसर गोल नळीवर बसतो, त्याची खोलगट बाजू नळीकडे. निळी किंवा पांढरी प्लॅस्टिकची कडी असलेला नट हाताने पूर्ण फिरत नाही, तो तसाच असतो, त्याला पानाच लागतो. हँडलच्या खांबातून येणारी वायर दोन नळ्यांच्या मध्ये चिमटली जाणार नाही याकडे दोघांपैकी एकाने फक्त लक्ष ठेवावं. ती चिमटली तर पुढे काय होतं ते प्रश्न १३ मध्ये आहे.

११. डावं पेडल सारखं सैल होतं. कितीही आवळलं तरी चार दिवसांनी पुन्हा तेच. काय चुकतंय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो.

बऱ्याच घरगुती एलिप्टिकलमध्ये डाव्या क्रँकचे आटे उलटे असतात, सायकलच्या डाव्या पेडलसारखे. म्हणजे डावीकडचा बोल्ट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की घट्ट होतो. पाय फिरताना तो बोल्ट आपोआप सैल होण्याच्या दिशेला ढकलला जाऊ नये, म्हणून तसं केलेलं असतं. क्रँकवर, बोल्टच्या डोक्यावर किंवा दांड्यावरच्या स्टिकरवर 'एल' आणि 'आर' ही इंग्रजी अक्षरं असतात. एल म्हणजे डावा, मशीनवर उभं राहिल्यावर तुमच्या डाव्या हाताचा.

कोथरूडला एका काकूंकडे गेलो होतो. त्यांच्या मुलाने आरचा बोल्ट एलच्या क्रँकमध्ये घातला होता. तो सरळ जाईना, म्हणून पान्याला पाइप लावून जोर केला. क्रँकच्या खाली पांढऱ्या टाइलवर धातूचा चकचकीत कीस पडलेला होता, रांगोळी सांडल्यासारखा. तो कीस म्हणजे क्रँकचे आटे. काकू रोज तो झाडून काढत होत्या आणि "कुठून येतं कोण जाणे" म्हणत होत्या. शेवटी क्रँकच बदलावा लागला, आणि तो यायला पाच आठवडे लागले.

म्हणून ही खूण लक्षात ठेवा: बोल्ट पहिले तीन-चार आटे नुसत्या बोटांनी फिरला पाहिजे. फिरत नसेल तर तो वाकडा बसलाय किंवा चुकीच्या बाजूचा आहे. थांबा, काढा, अक्षर बघा. बोल्ट बरोबर बाजूचा असूनही सैल होत असेल तर स्प्रिंग वायसर राहिलाय का ते तपासा. आट्यांना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावलं तर पकड टिकते, पण आटे झिजलेले असतील तर त्याचाही उपयोग होत नाही.

१२. सगळं घट्ट आहे, तरी मशीन डुलतं.

मग फरशी उताराची आहे. आपल्याकडे बाल्कनीच्या दाराजवळ आणि बाथरूमच्या बाजूला फरशीला ढाळ असतोच. मशीनच्या मागच्या किंवा पुढच्या आडव्या पायाच्या टोकाशी फिरणारी टोपी किंवा स्क्रू असतो, तो फिरवून पाय खाली-वर होतो. मशीनवर कोणी नसताना चारही कोपऱ्यांखाली कागद सरकवून बघा. ज्या कोपऱ्याखाली कागद सहज सरकतो, तो पाय हवेत आहे. गवंड्याची पाणसळ मिळाली तर उत्तमच. पाय बसले की खालच्या मजल्यावरची धडधडही बहुतेक थांबते.

१३. कन्सोल (आकड्यांचा पडदा) शून्यच दाखवतो.

आधी सेल बदला. मग खांबातली वायरची जोडणी उघडून पुन्हा बसवा, पिना वाकल्या नाहीत ना ते पाहा. जोडताना वायर चिमटली असेल तर तिथे आवरण फाटलेलं दिसतं. एवढं करूनही शून्यच असेल तर चाकावरचं छोटं चुंबक आणि सेन्सर यांतलं अंतर वाढलेलं असतं. त्यासाठी बाजूचं आवरण काढावं लागतं, वॉरंटीत असाल तर स्वतः काढू नका.

## वापर

१४. चढताना तोल जातो. बरोबर पद्धत कोणती?

स्थिर हँडल धरा, हलणारे दांडे नको. जवळची पाटी सगळ्यात खाली आणा, तिच्यावर आधी पूर्ण पाऊल ठेवा, मग दुसरी पाटी. उतरताना मशीन पूर्ण थांबू द्या आणि खालच्या पाटीवरून उतरा. अनेक घरगुती मशीनमध्ये तुम्ही थांबलात तरी चाक फिरत राहतं आणि पाट्यांना ओढतं. चालत्या मशीनवरून उडी मारली तर वर येणारी पाटी पोटरीवर बसते.

१५. दहा मिनिटांत पावलं बधिर होतात. रक्ताभिसरणाचा त्रास आहे का?

नेहमी याच मशीनवर होत असेल आणि उतरल्यावर लगेच जात असेल, तर कारण बहुधा साधं असतं. पाऊल उचललं जात नाही, त्यामुळे चवड्यावर एकाच जागी दाब राहतो. टाच पाटीवर टेकवा, वजन मधल्या भागावर येऊ द्या, पुढे वाकू नका. बुटाची नाडी एक घर सैल करा, व्यायामात पाय थोडा फुगतो. दर पाच मिनिटांनी पाऊल पाटीवर इंचभर पुढेमागे सरकवा. अनवाणी चालवू नका.

एरवीही पाय बधिर होत असतील किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

१६. पहिल्या दिवशी किती वेळ करू?

पाच ते आठ मिनिटं, सगळ्यात कमी रेझिस्टन्सवर. पहिल्याच दिवशी अर्धा तास केलेली माणसं चौथ्या दिवशी मांड्या धरून बसतात. दोन-तीन दिवसांनी दोन मिनिटं वाढवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. तिथे पोहोचायला दोन महिने लागले तरी हरकत नाही. सलग जमत नसेल तर सकाळी पंधरा आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं करा.

१७. रेझिस्टन्स किती ठेवायचा?

पाय चाकाला फिरवतायत असं वाटलं पाहिजे. चाक पायांना फिरवतंय असं वाटत असेल तर एक-दोन अंक वाढवा. कंबर डावी-उजवीकडे झुकायला लागली तर कमी करा. तुमच्या मशीनवरचा ६ आणि मित्राच्या मशीनवरचा ६ यांचा एकमेकांशी संबंध नसतो, त्यामुळे त्यावर पैजा नकोत.

नॉब फिरवूनही काहीच फरक पडत नसेल तर जोडताना रेझिस्टन्सची तार खाचेत अडकलेली नाही. घरगुती मशीनमध्ये ही तार चुंबकाला चाकाच्या जवळ किंवा लांब नेते. चुंबक चाकाला टेकत नाही, त्यामुळे झिजायला तिथे काही नसतं. दोष बहुधा तारेतच सापडतो.

१८. कन्सोलने ३०० कॅलरी दाखवल्या. खऱ्या मानू का?

नका मानू. बऱ्याच कन्सोलना तुमचं वजनही माहीत नसतं. साधा हिशोब असा: एलिप्टिकलवर मध्यम श्रमाला सुमारे ५ मेट धरतात, म्हणजे शांत बसल्यावर लागते त्याच्या पाचपट ऊर्जा. मेट गुणिले वजन गुणिले तास. ६५ किलोंच्या माणसाने अर्धा तास केला तर ५ × ६५ × ०.५, म्हणजे १६० च्या आसपास. एका वडापावातही याहून जास्त कॅलरी असतात. हे सांगतो ते हिरमोड करायला नाही. ३०० चा आकडा खरा धरून तेवढं जास्त खाल्लं जातं आणि दोन महिन्यांनी वजन हललं नाही म्हणून माणूस व्यायामच सोडतो, ते होऊ नये म्हणून.

कन्सोलचा आकडा स्वतःच्या कालच्या आकड्याशी ताडून बघायला मात्र उपयोगी आहे. मशीनच्या पत्रकावर एचसी असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ घरगुती वापराचं आणि मोजमापात सगळ्यात कमी अचूकतेच्या वर्गातलं. आयएसओ २०९५७ या मानकातले ते वर्ग आहेत.

१९. हृदयाचे ठोके किती असावेत?

२२० मधून वय वजा करा, तो कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज. मध्यम व्यायामात त्याच्या ५० ते ७० टक्के. ५० वर्षांच्या माणसासाठी कमाल १७०, म्हणजे ८५ ते ११९. हँडलवरच्या पट्ट्या हात हलत असताना नीट मोजत नाहीत. ठोके पाहायचेच असतील तर छातीचा पट्टा जास्त भरवशाचा.

आकड्यांशिवायही जमतं. पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला म्हणजे मध्यम व्यायाम. रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर याच पद्धतीने जा, कारण प्रश्न २२ मध्ये आहे.

२०. उलटं फिरवलं तर जास्त फायदा होतो का?

भार वेगळ्या पद्धतीने पडतो, मांडीच्या पुढच्या स्नायूंना जास्त काम लागतं. अधूनमधून दोन-दोन मिनिटं करा, स्थिर हँडल धरून. गुडघ्याच्या वाटीमागे दुखत असेल तर करू नका.

## विशेष परिस्थिती

२१. गुडघे झिजलेत असं डॉक्टर म्हणाले. चालवू का?

डॉक्टरांची किंवा फिजिओथेरपिस्टची परवानगी असेल तर हे मशीन अनेकांना रस्त्यावरच्या चालण्यापेक्षा सुसह्य वाटतं. रेझिस्टन्स कमी, वेळ कमी, गुडघा पावलाच्या रेषेत, आत वळलेला नको. करताना थोडं जाणवलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वीसारखं झालं तर ठीक. सकाळी सूज असेल किंवा जिना उतरताना जास्त दुखत असेल तर पुढच्या वेळी वेळ निम्मा करा. गुडघा अडकत असेल किंवा मध्येच लुळा पडत असेल तर मशीन बंद आणि आधी तपासणी.

२२. रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधं चालू आहेत. काही वेगळी काळजी?

हो. मेटोप्रोलोल, अटेनोलोल अशा बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या ठोके वाढू देत नाहीत. ठोक्यांचं गणित पूर्ण करायला म्हणून जोर वाढवत गेलात तर झेपेल त्यापेक्षा जास्त श्रम होतील. दम किती लागतो यावरच चाला. हँडल आवळून, श्वास रोखून चालवू नका, त्याने रक्तदाब चढतो.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर व्यायामात साखर एकदम खाली जाऊ शकते. आधी मोजा, १०० च्या आत असेल तर काहीतरी खाऊन करा, आणि साखर किंवा ग्लुकोज हाताशी ठेवा, दुसऱ्या खोलीत नको. हातपाय थरथरले, दरदरून घाम आला तर थांबा. छातीत दाटलं, जबड्यात किंवा हातात कळ आली तर लगेच उतरा आणि घरच्यांना हाक मारा.

२३. घरात लहान मुलं आहेत. आणि साडीवर किंवा गाऊनवर चालवलं तर?

मुलांना दूर ठेवा, यात तडजोड नाही. चालू मशीनच्या रुळाजवळ आणि क्रँकजवळ बोट चेंगरतं, आणि मागून रांगत आलेलं मूल तुम्हाला दिसत नाही. मशीन चालू असताना खोलीचं दार लावून घ्या. वापर झाल्यावर पट्ट्याने पाटी खांबाला बांधून ठेवा, रेझिस्टन्स सगळ्यात जास्तवर ठेवला तरी पाटी हाताने हलतेच.

साडीचा घोळ, गाऊन, ओढणी, सैल नाडी, सगळं क्रँकमध्ये ओढलं जाऊ शकतं. एका आजींनी नऊवारीतच चालवायचा हट्ट धरला होता. कासोटा घट्ट, पदर कमरेला खोचलेला आणि नात शेजारी उभी, असं त्यांचं छान जमलं. तरीही मी सलवार किंवा ट्रॅक पँटच सुचवीन.

## देखभाल

२४. आवाज यायला लागला. तेल घालू का?

आधी आवाज कुठून येतो ते शोधा. एकाने हळू चालवायचं, दुसऱ्याने खाली बसून ऐकायचं. प्रत्येक फेऱ्याला एकदाच 'टक' होत असेल तर क्रँकचा बोल्ट (प्रश्न ११). किर्र किर्र वरून येत असेल तर दांड्यांचा सांधा, तिथे पांढरं लिथियम ग्रीस थोडंसं. घरघर मागून येत असेल तर रूळ ओल्या फडक्याने पुसा, कोरडे करा, पत्रकात सांगितलं असेल तरच सिलिकॉन स्प्रे मारा.

खोबरेल तेल घालू नका. त्यावर धूळ चिकटून काळी पेस्ट तयार होते आणि थंडीत ते थिजतं. गंज सोडवायचा पातळ स्प्रेही वंगणाचं काम फार दिवस करत नाही.

पहिल्या दहा-पंधरा तासांच्या वापरानंतर सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळा. नवीन मशीनचे सांधे बसताना थोडे सैल होतातच. मग दर दोन-तीन महिन्यांनी.

२५. आम्ही रत्नागिरीला, समुद्राजवळ. गंजाचं काय?

खारी हवा आणि घाम, दोन्ही एकत्र. वापर झाला की कोरड्या फडक्याने हँडल, पाट्या आणि बोल्टची डोकी पुसा, रोज. रंग उडालेल्या जागी लगेच रंगाचा हात द्या. पावसाळ्यात खिडकीपासून आत सरकवा आणि वापरत नसाल तर कन्सोलमधले सेल काढा, ते पाझरले की पट्ट्या हिरव्या पडतात. प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळून ठेवू नका, आत दमटपणा कोंडतो. जुनं सुती पांघरूण बरं.

२६. घर बदलतोय. मशीन दुसऱ्या गावी न्यायचंय, तसंच ट्रकमध्ये टाकू?

पूर्ण जोडलेलं मशीन ट्रकमध्ये आडवं टाकलं तर खांब वाकतो आणि कन्सोल फुटतो. खोलीतल्या खोलीत हलवायचं असेल तर पुढची छोटी चाकं पुरतात, मागून दोघांनी उचलायचं. लांब न्यायचं तर कन्सोल, दांडे आणि पाट्यांचे हात काढा. मधला जड सांगाडा आणि क्रँक तसेच राहू द्या. वायरची जोडणी सोडवण्याआधी फोनवर फोटो काढा. खांबातली वायर आत घसरून जाऊ नये म्हणून तिच्या टोकाला सुतळी बांधून ती बाहेर चिकटपट्टीने लावा.

काढलेला प्रत्येक बोल्ट वायसरसकट त्याच्याच भोकात परत घालून हाताने फिरवून ठेवा. जे तसे राहत नाहीत ते दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत, डावे आणि उजवे वेगळे, वर चिठ्ठी लावून, आणि त्या पिशव्या सांगाड्यालाच बांधा. स्वयंपाकघराच्या खोक्यात टाकलेले बोल्ट नव्या घरी तीन आठवडे सापडत नाहीत.